ऐनराईचं अंगण

१

वालीवच्या एका कारखान्यात आशालता सावंतांनी एकतीस वर्षं कुकरच्या रबरी रिंगा तपासल्या. बोटाच्या टोकाने रिंगेवरून एक फेरी मारली की कुठे खोट आहे आणि ती कुठल्या पाळीत आली, हे त्या सांगत. यंत्र त्यांना कधी फसवू शकलं नाही, सुपरवायझर तर नाहीच नाही. असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांचं कठीण होतं. पहिल्याच महिन्यात नवऱ्याच्या शर्टांची बटणं, बिल्डिंगचा जिना आणि दूधवाल्याचं माप तपासून झालं, तेव्हा जयवंतराव हात जोडून म्हणाले, "आशा, तुला पुरेल असं काहीतरी मोठं शोध बाई."

ते त्यांना ऐनराईत सापडलं.

सातिवलीच्या कारखान्यांच्या गाळ्यांची शेवटची भिंत संपते तिथून डोंगराच्या पायथ्यापर्यंत चाळीस एकर रान आहे. ऐन, साग, कुडा, करवंदीच्या जाळ्या, मधून एक ओढा. तोंडाशी गंजकी पाटी आहे, ‘निसर्ग राखीव क्षेत्र’. पाटी लावणारे पाटी लावून गेले ते गेलेच. ना कुंपण, ना फाटक, ना राखणदार. कोणीही यावं, गाणी लावावीत, बाटल्या टाकाव्यात. आशालताबाईंनी तीन वर्षांत बाटल्या उचलल्या, गाणी बंद करवली, पायवाट मोकळी ठेवली. लोक त्यांना घाबरून का होईना, नीट वागायला लागले आणि जनावरं परत दिसायला लागली. कुणी नेमलेलं नसताना त्या ऐनराईच्या सबकुछ झाल्या होत्या, आणि याचा त्यांना अभिमान होता. का नसावा?

पण सप्टेंबरात वनखात्याच्या कचेरीचं पत्र आलं. जागा राखीव यादीत ठेवायची तर जानेवारीअखेर दोन गोष्टी दिसायला हव्यात: इथे वन्यप्राणी वावरतात, आणि माणसांच्या जाण्यायेण्याने ते पळून जात नाहीत. नाही दिसलं तर नाव यादीतून बाद. नाव बाद झालं की शेजारच्या गाळ्यांच्या भिंतीला पाय फुटायला वेळ लागणार नव्हता, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

आशालताबाईंनी कंबर कसली. पायवाटेच्या तोंडाशी त्यांनी मातीचा एक पट्टा घातला, नऊ फूट रुंद, पाच फूट लांब. जंगलातली ही जुनी युक्ती. संध्याकाळी पट्टा फळीने सपाट करायचा, सकाळी त्यावरची पावलं वाचायची, फोटो काढायचा आणि वहीत उतरवायची. रात्रीची जनावरं सकाळी कळतात, दिवसाची माणसं संध्याकाळी. दोन महिन्यांत अकरा वेळा साळिंदर, चार वेळा भेकर आणि एकदा, दिवाळीच्या पाडव्याला, चक्क बिबट्या. त्या दिवशी त्यांनी घरी श्रीखंड केलं. पाहुणे कोण, असं जयवंतरावांनी विचारलं तर म्हणाल्या, "येऊन गेले."

२

डिसेंबरात कचेरीतल्या संग्राम देशमुखांचा फोन आला. तपासणी त्यांच्याकडे होती. आवाजावरून तरुण वाटत होते, आणि फार दमलेले.

"मॅडम, फोटो मिळाले. पण माती भुसभुशीत, कडा ढासळलेल्या. आणि मापच कळत नाही. हा बिबट्या आहे की बोका, कसं ओळखायचं?"

बोलणं कडू होतं, पण चूक नव्हतं, आणि चूक नसलेली गोष्ट आशालताबाई मान्य करत. त्यांनी पट्ट्यावर घातलेली गाळ्यांमागची राखाडी धूळ काढून टाकली. रानातल्या एका पडीक वारुळाची माती घमेल्याने आणली, चाळली, पाणी मारून चोपली. ती लोण्यासारखी बसली. वर मापासाठी पांढऱ्या रांगोळीने एकेक फुटाचे चौकोन आखले आणि भोवती एक जाड रेघ ओढली. कंबर मोडली, पण काम बघून जीव सुखावला. आता ससा जरी गेला तरी त्याची नखं मोजता आली असती.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सात वाजता, नुकतंच उजाडलेलं असताना, त्या वही घेऊन पोचल्या.

पट्ट्यावर एकही पाऊल नव्हतं. पट्टा सारवलेला होता.

पुसलेला नव्हता. पुसलेलं आणि सारवलेलं यातला फरक मराठी बाईला सांगावा लागत नाही. ओल्या हाताच्या अर्धगोल फेऱ्या एकीला एक लागून, प्रत्येक फेरीत पाच बोटांच्या बारीक रेघा. आतले चौकोन गेले होते, पण कडेची जाड रेघ जपली होती. कुठे गुठळी नाही, कुठे कोरडा डाग नाही.

आशालताबाई आधी चिडल्या. मग, सवयच ती, त्यांनी वाकून बोट फिरवलं. काम पास होण्यासारखं होतं.

३

असं सारवणारी त्या भागात एकच बाई त्यांना माहीत होती. धोंडूबाई पंचाहत्तरीच्या. खाडीकडच्या शेतकरी घरातल्या, लग्न होऊन रानाकडच्या पाड्यावर आलेल्या. मुलांनी स्लॅबचं घर बांधलं, तरी पुढचं चार हात अंगण त्यांनी फरशीला बळी पडू दिलं नव्हतं. रोज सकाळी त्या काटक्या वेचायला ऐनराईत यायच्या.

"धोंडूबाई, उपकार करायला सांगितले होते का तुम्हाला? माझी रात्रीची सगळी पावलं गेली."

म्हातारीने पट्ट्याकडे पाहिलं आणि लुगडं गुडघ्यावर घेतलं. गुडघा नारळाएवढा सुजलेला होता. "या गुडघ्यावर मी इथं बसन? माझा अंगान पन आता सून सारवते, ता पन तिला सतरांदा हाक मारून."

"मग कोणी केलं?"

"मना काय ठाव?" धोंडूबाई काठीवर रेलून बघत राहिल्या. कौतुकाने, मग जरा कमी कौतुकाने. "आशाबाय, सारवताना बाई कशी जाते?"

"कशी म्हणजे? मागं मागं सरकत."

"आनि शेवटचा हात?"

"दाराशी. नाहीतर ओल्यावर पाय पडेल." बोलता बोलता आशालताबाई थांबल्या. फेऱ्या एकीवर एक चढल्या होत्या, त्यामुळे कुठली आधी आणि कुठली नंतर हे स्पष्ट दिसत होतं. पहिला हात रस्त्याच्या बाजूला पडला होता. शेवटचा रानाच्या बाजूला.

 मग आशालताबाईंनी पिशवीतली स्टीलची टेप काढली, कारण विचार सुचेनासा झाला की माप घ्यावं असा त्यांचा नियम होता. उकिडवी बसलेली बाई एका दमात फार तर तीन-साडेतीन फुटांची फेरी मारते. ही फेरी पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होती. साडेआठ फूट. बोटांच्या रेघा मधे कुठेही तुटलेल्या नव्हत्या. त्यांनी दुसरी फेरी मोजली, तिसरी मोजली. साडेआठ, साडेआठ.

टेप सुर्रकन आत गेली. वर पाहिलं तर धोंडूबाई पाड्याच्या वाटेला लागल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी काटक्या नेल्या नाहीत.

४

प्रत्येक चुकीला कारण असतं आणि कारणाला पत्ता असतो, यावर आशालताबाईंनी एकतीस वर्षांची नोकरी काढली होती. गाळ्यांच्या रखवालदाराला त्यांनी फैलावर घेतलं. तो बिचारा गोरखपूरकडचा, सारवणं म्हणजे काय हे त्याला हातवारे करून समजावावं लागलं. मग त्यांनी संशय घोरपडीच्या शेपटीवर धरला, वाऱ्यावर धरला, झाडाच्या लोंबत्या फांदीवर धरला. संध्याकाळी पट्टा सपाट करून चौकोन आखावेत आणि सकाळी सारवलेला बघावा, असं पंधरा दिवस चाललं. वहीत सगळ्या पानांवर एकच शब्द: कोरं.

तरी त्या हटल्या नाहीत. उलट रोज थोड्या जास्तच ताठ मानेने जात. हार मानायची तर आपल्या अटींवर, हा त्यांचा खाक्या.

मग शनिवार आला. दुपारचे साडेतीन, ऊन टळटळीत. रविवारी फिरायला लोक येणार, वाट मोकळी हवी, म्हणून त्या लवकर आल्या होत्या; त्यांनी पट्टा दुपारीच करून ठेवला आणि त्या चाळीसेक पावलं आत गेल्या. ओढ्याच्या उतारावर एक फांदी आडवी पडली होती, ती ओढून बाजूला करायची होती.

फांदीशी झटत असताना मागून आवाज यायला लागला. सर्र. मग जरा थांबून, पाण्यात हात बुडवल्यासारखं काही. मग पुन्हा सर्र. आवाज इतका ओळखीचा होता की भीती वाटायला त्यांना थोडा उशीरच झाला. लहानपणी देवरुखला दर चार दिवसांनी आई असं सारवायची आणि त्या आवाजाने त्यांना जाग यायची. त्या फांदी ओढत राहिल्या, आणि हात थांबले ते आवाज थांबल्यावर.

त्या परत आल्या. घाबरून पळत नाही, चालत. पट्टा सारवून झाला होता. शेवटचा हात अजून चकाकत होता, त्यातलं पाणी जिरलं नव्हतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या, मांजरही शिरणार नाही अशा. म्हणजे सारवणारी मागं मागं सरकत आली ती याच वाटेने, आशालताबाई होत्या त्या दिशेने. आणि शेवटचं बोट जिथे उचललं गेलं होतं, बरोबर तिथे आता त्यांच्या चपला होत्या.

आपल्या मागे बघावं असं त्यांना फार वाटलं. त्यांनी बघितलं नाही. रस्ता पाच फुटांवर होता, मधे ओलं सारवण. एक उडी, फार तर दोन पावलं, आणि बाहेर.

पण ओल्या सारवणावर पाय द्यायचा नाही. हे त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं की पाऊल उचललंच नाही. त्या कडेने, जाळीत अंग घालून, काटे खात बाहेर पडल्या. ड्रेसची बाही फाटली, कोपरभर ओरखडे उठले. घरी जयवंतराव म्हणाले, "बिबट्या भेटला की काय?"

"बिबट्या परवडला," असं म्हणून त्यांनी चहा टाकला, आणि तो उकळेपर्यंत गॅसकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

५

सोमवारी संग्राम देशमुखांचा फोन.

"मॅडम, बुधवारी सकाळी साडेसातला येतो. वही नको, फोटो नकोत. कागदावर कोणीही बिबट्या काढेल. तुमचा तो पट्टा मी स्वतः बघतो. काही असेल तर असेल, नसेल तर..." त्यांनी फोन ठेवला. पुढचं सांगायची गरजही नव्हती.

आशालताबाई मंगळवारी दुपारी कुदळ घेऊन निघाल्या. पट्टा उकरून टाकायचा आणि ओढ्यापलीकडे नवा घालायचा, असा बेत. वाटेत धोंडूबाईंच्या अंगणात त्या टेकल्या. तीन आठवडे म्हातारी रानात फिरकली नव्हती.

"कुदल कशाला?"

आशालताबाईंनी सगळं सांगितलं. शनिवारचं सांगताना आवाज जरा घसरला, तो त्यांनी खाकरून सरळ केला. धोंडूबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कारखान्यात काय बिघडलं का तू पयलं काय इचारायचीस?"

"काय बदललं, ते." हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या.

"मग इथं काय बदललं? दिवालीला तर तुना वाघाचा पाय गावला व्हता."

 बदलाला आशालताबाईंनी बदल म्हणून मोजलंच नव्हतं, कारण तो त्यांनी स्वतः केला होता आणि चांगला केला होता.

"वारुलाची माती आनलीस," धोंडूबाई एकेक बोट मोडत म्हणाल्या. "चाललीस, पानी मारलंस, चोपलीस. वर रांगोली घातलीस, रोजच्या रोज. याला आमच्यात अंगान म्हन्तात. तुमच्यात काय म्हन्तात?"

आशालताबाईंनी कुदळ बाजूला ठेवली.

"दुसऱ्याच्या दाराशी तू अंगान केलंस, ता पन न इचारता. आता ती सारवते. बाई हाय, अंगान दिसला तर सारवनारच. तू रोज इस्कटतेस, ती रोज सारवते. नि तिच्या सारवल्यावर तिच्या घरातलं कोन पाय देल? तू तरी दिलास?"

"ती म्हणजे कोण?"

"मना ठाव नाय. नि मना नको ठाव." म्हातारीने कुदळीकडे हनुवटी केली. "पन एक ठाव हाय. अंगान कवा उकरतात? घर मोडतात तवा. तुना ता घर मोडायचा हाय?"

"मला ते वाचवायचंय, धोंडूबाई. आणि ते उद्या सकाळी."

"मग शेजारनीला सांगतात तसा जाऊन सांग. रागवायचा नाय, भ्यायचा नाय. आनि कोन सारवत असला तर बघत उभा ऱ्हायाचा नाय."

६

पाच वाजले होते. ऊन कलतं होतं, ऐनाच्या खोडांवर पिवळं झालेलं. गाळ्यांतल्या यंत्रांची घरघर नेहमीसारखी चालू होती आणि तिचा आशालताबाईंना कधी नव्हे तो आधार वाटला. सारवलेल्या पट्ट्यापुढे, रस्त्याच्या बाजूला, त्या उभ्या राहिल्या. कुदळ त्यांनी पाटीला टेकवली आणि चपला काढल्या.

आपण झाडांशी बोलणार आहोत हे त्यांना लख्ख कळत होतं. त्यांच्या डोक्यातला तपासनीस म्हणत होता, आशालता, घरी जा, रक्तदाब बघ. पण कारखान्यातही त्यांनी यंत्र चालवणाऱ्याचं ऐकून घेतल्याशिवाय कधी माल नाकारला नव्हता. त्यांनी पदर सारखा करतात तशी ओढणी सारखी केली.

"मी आशालता. रोज येते ती," त्या म्हणाल्या. आवाज बारीक आला, म्हणून पुन्हा, नेहमीच्या पट्टीत. "तुमच्या दाराशी न विचारता अंगण केलं, ते चुकलं माझं. तुमचं सारवण रोज मोडलं, तेही चुकलं. पण एक अडचण आहे. उद्या सकाळी साडेसातला पाहुणे येणारेत. या घरात कोण कोण राहतं ते त्यांना बघायचंय. दिसलं नाही तर ते घर पुसून टाकतील. तुमचं जाईल, जनावरांचं जाईल, माझंही जाईल. मला दुसरं नाही हो काही." हे शेवटचं त्या बोलणार नव्हत्या, निघून गेलं. "तर एवढं बघा."

काही झालं नाही. एक पान पडलं, दुसरं पडलं. मग गाळ्यांतलं एक यंत्र बंद झालं, पाळी सुटली असावी, आणि एकेक करून सगळी थांबली. तेवढ्या शांततेत समोरून, अगदी जवळून, पाण्यात हात बुडवल्याचा आवाज आला.

आशालताबाई वळल्या. बघत उभं राहायचं नाही. त्या रस्त्याकडे चालू लागल्या, अनवाणी, चपला तिथेच विसरून. पाटीपर्यंत त्या पोचल्या आणि तिथे, आयुष्यभर वस्तू डोळ्यांखालून घातल्याशिवाय न सोडणाऱ्या त्या बाईला राहवलं नाही. त्यांनी एकदाच मान फिरवली.

पट्ट्यावर कोणी नव्हतं. पट्ट्यापलीकडे, पहिल्या जाड ऐनाआडून, एक हात बाहेर होता. बाईचा. कोपरापर्यंत मातीने माखलेला. तो मागे, झाडाआड, जात होता, काम झाल्यावर घेतात तसा, सावकाश. कोपर झाडाआड जायला हवं होतं. हात मागे जातच होता. अजून हात येत होता, आणि तो मागे जात होता. आशालताबाईंनी डोळे मिटले, पाचापर्यंत आकडे मोजले, उघडले. हात अजून जात होता.

मग त्या घरी गेल्या.

७

बुधवारी साडेसातला संग्राम देशमुख स्कूटरवरून उतरले. तिशीचा मुलगा, डोळ्यांखाली काळं, गळ्यात कॅमेरा. आशालताबाई पाटीपाशी उभ्या होत्या. पट्ट्याकडे त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. पास की नापास, ते दोघांनी एकदमच बघावं असं त्यांनी ठरवलं होतं.

"चला, बघू," संग्राम म्हणाले, आणि चार पावलांवर थबकले.

पट्टा भरलेला होता.

साळिंदर, मुंगूस, ससा, उदमांजर. भेकराचे नाजूक खूर. घोरपडीची नखं आणि मधून तिच्या शेपटीची ओढ. रानकोंबड्याची तीन बोटं. अगदी मधोमध बिबट्याचे चारही पाय, सकाळच्या उन्हात कडा चमकणारे. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे, सगळे कडेच्या पांढऱ्या रेघेपाशी येऊन थांबलेले, पंगतीला बसल्यासारखे ओळीने. कोणाचं पाऊल कोणाच्या पावलावर नाही.

संग्राम गुडघ्यांवर बसले, मग पोटावर आडवेच झाले. कॅमेरा खटखट वाजायला लागला. "आठ," ते म्हणाले. "मॅडम, आठ जाती. एका रात्रीत. नऊ वर्षं ही कामं करतोय मी." त्यांचा दमलेला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

आशालताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. पण डोळे काम करतच होते. पट्ट्याच्या अलीकडे पलीकडे वाटेवर दवाने ओली झालेली मऊ धूळ होती. तिच्यावर जनावराचं एकही पाऊल नव्हतं, ना येणारं, ना जाणारं. त्यांनी वाकून सशाच्या ठशात बोट घातलं, मग बिबट्याच्या. खोली सारखी. दोन किलोचा ससा आणि पन्नास किलोचा बिबट्या सारख्याच जोराने दाबले गेले होते.

एकतीस वर्षांत त्यांनी खोटा माल पास केला नव्हता.  मग बिबट्याच्या ठशात त्यांना दोन पिवळसर केस दिसले. भेकराच्या खुरांमागे ताज्या लेंड्या होत्या. सशाच्या ठशात बोट अजून थोडं ठेवलं तर माती कोमट होती. माल अस्सल होता. एकेकाला उचलून इथे टेकवलं होतं आणि पुन्हा उचलून आत नेलं होतं, एवढंच. चुळबुळ केल्याची एकही खूण नव्हती. बिबट्यानेसुद्धा केली नव्हती.

"हे सगळे असे रस्त्याकडे बघत का उभे असतील?" संग्रामनी पडल्या पडल्याच विचारलं.

"पाहुणे येणार होते ना," आशालताबाई म्हणाल्या.

तेवढ्यात गिरीजच्या क्लेमेंटीन आल्या. निवृत्त नर्स, दर बुधवारी गळ्यात दुर्बीण घालून पक्षी बघायला यायच्या. पट्टा बघून त्यांनी क्रूस केला, कुणी न सांगता सँडल काढून हातात घेतल्या, जाळीलगतच्या वीतभर जागेतून पाय जपत आत गेल्या आणि नेहमीच्या वाटेने ओढ्याकडे चालू लागल्या.

"तुम्ही सँडल का काढल्या, बाई?" संग्रामनी मागून हाक मारून विचारलं.

"का म्हणजे? कोणी एवढा सारवून ठेवलाय, आनि मी चपला घालून जाऊ?"

संग्रामनी आपल्या बुटांकडे पाहिलं. मग ते उठून बसले आणि लेस सोडायला लागले. शेरा त्यांनी तिथेच, गुडघ्यावर कागद ठेवून, अनवाणी लिहिला: वन्यप्राण्यांचा वावर विपुल, माणसांची ये-जा जपून, जागा राखीवच ठेवावी, वाट खुली ठेवावी. खाली सही ठोकली आणि तारीख घातली.

८

फेब्रुवारीत मंजुरीचं पत्र आलं. जयवंतरावांनी बिल्डिंगभर पेढे वाटले आणि ज्याला त्याला सांगितलं की आमच्या हिने चाळीस एकर पास केले. गाळ्यांची भिंत होती तिथेच राहिली. पुढच्या रविवारी साठ माणसं आली. सगळ्यांच्या चपला पाटीखाली ओळीने लागल्या होत्या, देवळाबाहेर लागतात तशा. धोंडूबाई काठी टेकत आल्या, पाटीशी बसून राहिल्या, आणि कोणी चपलेसकट पुढे सरकला की नुसतं "ओ भाऊ" म्हणत होत्या. तेवढं पुरत होतं.

संध्याकाळी शेवटचा माणूस बाहेर पडला. आशालताबाईंनी मोजून घेतलं, साठ गेले, साठ आले. धोंडूबाईंनी त्यांच्याकडे आणि मग रानाकडे पाहिलं. "मी निंगते," त्या म्हणाल्या. "तुमचा दोघींचा चालू द्या."

पट्टा साठ माणसांनी तुडवला होता. फळी पाटीमागे होती, तिच्याकडे आशालताबाई गेल्या नाहीत. त्यांनी घमेल्यात वारुळाची माती बादलीतल्या पाण्याने कालवली, बाह्या वर केल्या आणि त्या पट्ट्याच्या बरोबर मधोमध, रानाकडे तोंड करून, उकिडव्या बसल्या. पहिला हात फिरवला. कित्येक वर्षांनी फिरवला, तरी हाताला आठवत होतं.

दुसऱ्या फेरीला समोरून आवाज आला. सर्र.

त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या बोटांपासून वीतभर पुढे, पट्ट्याच्या मध्यापलीकडे, ओली माती पसरली जात होती, हे त्यांना डोळ्यांच्या कडेने कळत होतं. तेवढंच त्यांनी कळू दिलं. छाती धडधडत होती आणि त्याच वेळी हसूही येत होतं, जिंकलेल्या माणसाला येतं तसं, कारण नसताना. त्या मागं सरकल्या. समोरची मागं सरकली. त्यांचा हात आणि तिचा हात, एकाच तालात, एक रस्त्याकडे, एक रानाकडे.

रस्त्याच्या कडेला पोचून आशालताबाईंनी शेवटचा हात फिरवला आणि त्या उठल्या. गुडघे कुरकुरले. बादलीत हात धुतले, ओढणीला पुसले. त्यांचं झालं होतं. समोरचं झालं नव्हतं. तिकडची बाजूही अडीच फुटांचीच होती, तरी सारवण्याचा आवाज पट्ट्याच्या पलीकडे, वाटेवरून, मागं मागं चालला होता. तो ओढ्याशी गेला, ओढ्यापलीकडे गेला. डावीकडे सागांत ऐकू आला, मग उजवीकडे कुड्यांत, मग लांब, डोंगराच्या पायथ्याशी. वाटेत कुठेतरी भेकर एकदा भुंकलं आणि गप्प झालं.

आशालताबाई कमरेवर हात ठेवून ऐकत उभ्या राहिल्या. घाई नव्हती. चाळीस एकर सारवायचे म्हणजे वेळ लागणारच.